‘लीफरत्साइट’ कुठून मोजायचा? माल पाठवणाऱ्यांसाठीच्या एका जर्मन वर्गाविषयी

भोसरीच्या ज्या कारखान्यात मी निर्यातीचे काम पाहते, तिथून टर्निंग आणि ग्राइंडिंग केलेले पोलादी सुटे भाग दर महिन्याला दक्षिण जर्मनीतील तीन ग्राहकांकडे जातात. आमचा पत्रव्यवहार बहुतेक इंग्रजीत होतो. पण ऑर्डरचा कागद, ऑर्डर मान्य केल्याची पोच, डिलिव्हरी चलन आणि ग्राहकाच्या गोदामातून येणारे निरोप जर्मनमध्ये असतात, आणि गोंधळ होतो तो नेमका याच कागदांवरून. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी पुण्यातील एका खासगी भाषावर्गाचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला. माल रवाना करणे, तो पोहोचण्याची मुदत सांगणे आणि मुदत टळणार असेल तर तसे कळवणे, एवढाच त्याचा विषय होता. दर शनिवारी सकाळी नऊ ते साडेअकरा अशी वेळ, सहा हजार पाचशे रुपये शुल्क आणि आम्ही अकरा विद्यार्थी. पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत, त्यामुळे वर्गाचे नाव देत नाही. पण अशा विषयाचा वर्ग कसा असावा आणि तो करताना काय पारखून घ्यावे, हे निर्यातीच्या कामात असलेल्यांना नक्की उपयोगी पडेल.

आधी हे सांगायला हवे की हा वर्ग पहिलीपासूनचा नाही. जर्मनची ए-टू, म्हणजे सुरुवातीची दुसरी पातळी झालेली असावी अशी अट आहे आणि ती योग्यच आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूट आणि गल्लोगल्लीचे वर्ग यांमुळे तेवढे जर्मन शिकलेली माणसे कमी नाहीत. चाकणच्या आणि भोसरीच्या कार्यालयांत ती पदोपदी भेटतात. पण सर्वसाधारण अभ्यासक्रमात आपण दुकानात भाव विचारायला, गाडीचे तिकीट काढायला, घरच्या माणसांविषयी बोलायला शिकतो. ‘सहा आठवडे’ हे शब्द ऑर्डरच्या पोचपत्रात लिहिल्यावर ते कोणत्या दिवसापासून मोजले जातील, हे तिथे येत नाही आणि ती अपेक्षाही नाही.

या वर्गाने नेमकी तिथूनच सुरुवात केली. पहिल्या शनिवारचे अडीच तास तीन शब्दांवर गेले: ‘लीफरत्साइट’, ‘लीफरफ्रिस्ट’ आणि ‘लीफरटेर्मीन’. इंग्रजीत काम करणारे आम्ही सगळे या तिन्हींना सरसकट ‘डिलिव्हरी डेट’ म्हणत होतो. शिक्षिका स्वतः श्टुटगार्टच्या एका यंत्र कंपनीच्या खरेदी विभागात बरीच वर्षे होत्या, त्यामुळे त्यांनी शब्दकोशातील अर्थ सांगून विषय संपवला नाही. लीफरटेर्मीन म्हणजे तारीख किंवा ठरलेला आठवडा. लीफरत्साइट म्हणजे कालावधी. लीफरफ्रिस्ट म्हणजे ज्याच्या आत माल दिलाच पाहिजे अशी मुदत. रोजच्या व्यवहारात नंतरचे दोन शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी येतात, हे त्यांनी कबूल केले. पण कालावधी सांगितला की तो कधी सुरू होतो आणि कुठे संपतो हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, असे त्यांनी बजावले.

सुरुवात अनेक प्रकारे लिहिलेली असते. ‘आप आउफट्राग्सआइनगांग’ म्हणजे ऑर्डर हाती पडल्यापासून. ‘नाख त्सालुंग्सआइनगांग’ म्हणजे पैसे जमा झाल्यानंतर. आणि आमच्यासारख्या कामात वरचेवर येणारे ‘नाख क्लेरुंग आलर टेख्निशन आइन्त्सेलहायटन’, म्हणजे ड्रॉइंगविषयीच्या सगळ्या शंका फिटल्यानंतर. शेवटही तसाच. ‘आप वेर्क’ लिहिले असेल तर तो कालावधी माल आमच्या कारखान्यात तयार होईपर्यंतच चालतो. ‘फ्राय हाउस’ लिहिले असेल तर ग्राहकाच्या दारात माल उतरेपर्यंत. आम्ही एका ग्राहकाला ‘सहा आठवडे’ एवढेच कळवले होते आणि आमच्या मनातले सहा आठवडे न्हावा शेव्याला कंटेनर सुटण्यापाशी संपत होते, तर त्यांच्या मनातले त्यांच्या गोदामाच्या फाटकापाशी. त्या दोन टोकांमध्ये अख्खा समुद्र होता. ते प्रकरण कसे मिटले याचा तपशील इथे नको. पण वर्गात ‘आप वेर्क’ हे दोन शब्द फळ्यावर आले तेव्हा मी वहीत त्यांच्याभोवती तीनदा चौकट काढली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात जे शिकवले, ते माझ्या मते या अभ्यासक्रमाचे खरे धन आहे. एकच तारीख किती बळकटपणे सांगायची, याच्या पायऱ्या जर्मनमध्ये अगदी ठरलेल्या आहेत. ‘त्सिर्का’ म्हणजे सुमारे. ‘फोराउसझिश्टलिश’ म्हणजे आजच्या अंदाजाप्रमाणे. ‘उनफेरबिंटलिश’ म्हणजे आम्हाला बांधून न घेणारी तारीख, आणि त्याच्या उलट ‘फेरबिंटलिश’ म्हणजे आम्ही स्वतःला बांधून घेतलेली तारीख. ‘बिस श्पेटेस्टन्स’ म्हणजे उशिरात उशिरा अमुक दिवसापर्यंत. आणि सर्वांत वर ‘फिक्स’. हा शब्द मराठी कार्यालयांतही दिवसातून दहा वेळा येतो, पण आपण ‘शुक्रवार फिक्स’ म्हणतो तेव्हा त्यात बहुधा ‘बघू, नक्की प्रयत्न करू’ असा भाव असतो. जर्मन व्यापारी संहितेच्या कलम ३७६ मध्ये अशा व्यवहारासाठी स्वतंत्र तरतूद आहे. नेमक्या वेळेवर माल मिळणे हाच कराराचा पाया आहे असे ठरलेले असेल आणि ती वेळ टळली, तर खरेदीदाराला करार सोडून देता येतो. ज्या शब्दाच्या मागे कायद्याचे कलम उभे आहे, तो शब्द आपण सवयीने लिहून मोकळे होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगले.

त्याच धड्यात नागरी संहितेचे कलम २८६ आले. जर्मन कायदा लागू असलेल्या व्यवहारात मुदत दिनदर्शिकेतील तारखेने ठरलेली असेल, तर ती टळल्यावर पुरवठादार कसूरदार ठरला असे मानण्यासाठी ग्राहकाने आधी तगाद्याचे पत्र पाठवण्याची गरज नसते. म्हणजे ग्राहक गप्प आहे याचा अर्थ त्याची हरकत नाही असा होत नाही. ‘उनफेरत्स्यूकलिश’ या शब्दाचेही तसेच आहे. आम्ही तो ‘ताबडतोब’ असा वाचत होतो. संहितेच्या कलम १२१ नुसार त्याचा अर्थ ‘स्वतःच्या दोषाने उशीर न लावता’ असा आहे. माल हाती आल्यावर तो तपासून दोष कळवण्याचे जे बंधन खरेदीदारावर आहे, तेही याच शब्दात सांगितलेले आहे. भाषेच्या वर्गात कायदा कशाला, असे एका विद्यार्थ्याने विचारले होते. मला मात्र या दोन तासांत जितके जर्मन कळले तितके व्याकरणाच्या कुठल्याही पाठात कळले नसते, कारण प्रत्येक शब्दाचे वजन हातात आले.

आता ‘का-वे’. ‘कालेंडरवोखे’ या शब्दाची ही आद्याक्षरे जर्मन ऑर्डरवर जिथे तिथे दिसतात. जर्मन ग्राहक महिना आणि तारीख न लिहिता ‘का-वे २३’ असे लिहितो आणि त्याचा अर्थ वर्षाचा तेविसावा आठवडा असा होतो. हे ऐकायला सोपे आहे, पण पहिला आठवडा कोणता यावर सगळे अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय मानक ८६०१ प्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात ४ जानेवारी येते तो वर्षाचा पहिला आठवडा. म्हणून २०२६ चा पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ रोजीच सुरू झाला, आणि त्या वर्षात आठवडे बावन्न नसून त्रेपन्न आहेत. आमच्या कारखान्यातील रवानगीचा तक्ता एक्सेलमध्ये आहे आणि त्यातील आठवड्याचा क्रमांक काढणारे नेहमीचे सूत्र, काही न बदलल्यास, रविवारी आठवडा सुरू करते आणि १ जानेवारीच्या आठवड्याला पहिला धरते. काही वर्षी दोन्ही आकडे जवळपास जुळतात, म्हणून चूक लक्षातही येत नाही. २०२२ मध्ये मात्र १ जानेवारीला शनिवार होता. त्या एकाच दिवसाचा पहिला आठवडा झाला आणि पुढचे सगळे वर्ष आमचा तक्ता एका आकड्याने पुढे पळत राहिला. ग्राहकाने मागितला होता ‘का-वे २३’, म्हणजे ६ जूनपासूनचा आठवडा. आम्ही विमानाने पाठवलेला माल मेच्या अखेरीसच तिथे हजर झाला. लवकर पोहोचला म्हणून कुणी आनंद मानला नाही. गोदामात त्यासाठी जागा ठेवलेली नव्हती, माल मालवाहतूकदाराकडे पडून राहिला आणि त्याचे भाडे आमच्या नावावर लागले. शिवाय ६ जून हा त्या वर्षी तिथल्या पेंटेकॉस्टच्या सुट्टीचा सोमवार होता, त्यामुळे माल उचलायला आणखी एक दिवस गेला. शिक्षिकेने एक्सेलमधील आंतरराष्ट्रीय आठवड्याचे वेगळे सूत्र दाखवले तेव्हा मी वर्ग सुरू असतानाच आमचा तक्ता उघडून ते बदलून टाकले. २०२७ ची सुरुवात शुक्रवारी होते आहे आणि तेव्हा हाच घोटाळा पुन्हा होऊ शकतो, म्हणून इतरांनीही आपापले तक्ते आताच तपासावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दिवस मोजण्याचीही एक खुबी आहे. ‘आर्बाइट्सटागे’ म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शुक्रवार. ‘वेर्कटागे’मध्ये शनिवारही धरला जातो, तिथल्या रजेच्या कायद्यात रविवार आणि सरकारी सुट्ट्या वगळून बाकी सगळे दिवस ‘वेर्कटागे’ म्हटले आहेत. पण मुदतीचा शेवटचा दिवसच शनिवारी येत असेल, तर नागरी संहितेच्या कलम १९३ प्रमाणे ती पुढच्या वेर्कटागवर जाते. मोजताना शनिवार आहे आणि संपवताना नाही. हे सांगताना शिक्षिकेने एक साधी आकृती काढली होती, ती मी छापून टेबलासमोर लावली आहे. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात हेही त्यांनी नेमक्या उदाहरणाने समजावले: ‘फ्रोनलाइशनाम’ या सणाला बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सुट्टी असते, हाम्बुर्गमध्ये नसते. म्हणजे बंदरात काम चालू असते आणि ग्राहकाचे फाटक बंद असते.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार आवडली आणि तिची आठवण अजूनही सुखावते. वर्ग मराठीतून चालतो आणि शिक्षिका जर्मन समजावताना इंग्रजीच्या वाटेने जात नाहीत. वेळेच्या बाबतीत मराठी आणि जर्मन एकमेकांच्या किती जवळ आहेत हे त्यामुळे दिसते. ‘हॉयटे इन आख्ट टागन’ म्हणजे शब्दशः ‘आजपासून आठ दिवसांनी’, आणि त्याचा अर्थ आपल्यासारखाच, बरोबर एक आठवड्याने. दोन आठवड्यांना मात्र आपण पंधरा दिवस म्हणतो आणि जर्मन ‘फिर्त्सेन टागे’, चौदा दिवस. तेवढे ध्यानात ठेवले की झाले. ‘ऊबरमॉर्गन’ म्हणजे येणारा परवा आणि ‘फोरगेस्टर्न’ म्हणजे गेलेला परवा. आपल्याकडे जिथे संदर्भावर भागते तिथे त्यांनी दोन शब्द ठेवले आहेत. आकड्यांत एकक आधी बोलण्याची त्यांची रीत इंग्रजीतून शिकणाऱ्याला छळते, पण ‘आइनउंटत्स्वांत्सिश’ आणि ‘एकवीस’ यांची घडण एकच आहे.

गोदामाच्या वेळेचा धडा तर अप्रतिम होता. जर्मनीतील मोठ्या गोदामांत ट्रक रिकामा करायला आधी ‘त्साइटफेन्स्टर’ नोंदवावे लागते, म्हणजे अमुक ते अमुक अशी ठरावीक वेळ. तिथला माणूस फोनवर ‘हाल्प द्राय’ म्हणाला तर इंग्रजीच्या सवयीने कुणी साडेतीन ऐकते. शिक्षिकेने विचारले, “अडीच हा शब्द कुठून आला?” कुणालाच सांगता आले नाही. त्यांनी फळ्यावर ‘अर्धतृतीय’ असे लिहिले: तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचे अर्धे. ‘हाल्प द्राय’चा अर्थही अक्षरशः हाच. जो विचार आपल्या ‘अडीच’मध्ये आणि ‘दीड’मध्ये दडलेला आहे, तोच जर्मन माणूस दर तासाला वापरतो. त्यानंतर वर्गात त्या वेळेबाबत कुणाचीही चूक झाली नाही. आमच्यातले एक गृहस्थ, चाकणच्या एका गोदामात पंचवीस वर्षे काम केलेले, म्हणाले, “मॅडम, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या दोन गाड्या माघारी आल्या नसत्या.”

उशीर कळवण्याच्या पत्रांना दोन आठवडे दिले होते. त्यांचा गाभा दोन लहान शब्दांत आहे. ‘दी लीफरुंग फेरत्स्योगर्ट झिश उम त्स्वाय वोखन’ म्हणजे माल दोन आठवड्यांनी लांबला. इथे ‘उम’ किती ते सांगतो. तारीख पुढे ढकलून कुठे नेली हे सांगायचे असेल तर ‘आउफ’ लागतो: ‘आउफ देन त्स्वांत्सिग्स्टन माय फेरशोबन’, वीस मेवर ढकलले. या दोहोंची अदलाबदल झाली तर वाक्याचा अर्थ पार बदलतो किंवा वाक्यच कोसळते. सरावासाठी दिलेला प्रसंग आमच्या अनुभवातला होता. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बरीच जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि न्हावा शेवा ते हाम्बुर्ग हा प्रवास चांगलाच लांबला. ते कारण, नवी तारीख आणि ती तारीख कितपत पक्की आहे, हे सगळे पाच वाक्यांत लिहायचे. ‘लायडर म्युसन वीर ईनन मिटटायलन, दास’ अशी सुरुवात केली की पुढच्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते, आणि मराठी माणसाला ते शेवटी ठेवणे मुळीच जड जात नाही. जड जाते ते माफी मागून थांबणे. आमची पत्रे तीन-तीन परिच्छेद दिलगिरीने भरलेली होती. शिक्षिकेने त्यातील एकच वाक्य ठेवले, बाकी काट मारली आणि वर लिहिले: नवी तारीख पहिल्या दोन ओळींत हवी.

ग्राहकाच्या बाजूने विचारायचे एक वाक्य मला विशेष भावले: ‘वान क्योनन वीर मिट देर लीफरुंग रेश्नन?’ शब्दकोश ‘रेश्नन’चा अर्थ मोजणे असा देईल. पण इथला अर्थ आपल्या ‘धरून चालणे’ या शब्दांत अचूक बसतो: माल कधी येईल असे धरून चालू? ज्याने हे विचारले त्याने पुढचे काम त्या उत्तरावर लावलेले असते, त्यामुळे ‘बघून सांगतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे ऐकण्याचा सराव जवळजवळ नाही. आठ आठवड्यांत फोनवरचे संभाषण आम्ही फक्त दोनदा ऐकले, आणि तेही शिक्षिकेच्या संथ, स्पष्ट आवाजात. प्रत्यक्षात गोदामातला माणूस पाठीमागे फोर्कलिफ्टचा आवाज असताना श्वाबिश या दक्षिण जर्मनीतील बोलीत भरभर बोलतो, आणि कंटेनरचा अकरा अक्षरांचा क्रमांक एका दमात सांगतो. काही भागांत ‘पावणेतीन’ला ‘द्राय फिर्टल द्राय’ म्हणतात हे शिक्षिकेने ओझरते सांगितले. त्यावर आणि एकूणच बोलींवर निदान एक अख्खा शनिवार द्यायला हवा होता.

दुसरी उणीव छापील टिपणांची. त्यांतील नमुना कागदपत्रांवरील मुदती ‘तीन ते पाच वेर्कटागे’ अशा, युरोपातल्या युरोपात ट्रकने जाणाऱ्या मालाच्या आहेत. समुद्रमार्गे पाच-सहा आठवडे घेणाऱ्या मालासाठी एकही नमुना नाही, आणि कस्टम्सच्या जर्मन शब्दांना जेमतेम अर्धे पान दिले आहे. भारतातून माल पाठवणाऱ्यांचा वर्ग म्हटल्यावर हे प्रमाण उलटे असायला हवे. सहावा आठवडा घरगुती पार्सलांवर गेला: पार्सल शेजाऱ्याकडे ठेवले, अमुक ठिकाणाहून उचलून न्या, पैसे पार्सल घेताना द्या, अशा चिठ्ठ्या वाचणे. शिकायला जाणाऱ्या दोन मुलींना ते हवे होते. बाकी नऊ जणांचा तो दिवस वाया गेला. आणि चुकलेल्या तासाचे रेकॉर्डिंग मिळत नाही, ही गोष्ट शनिवारीही कारखान्यात जावे लागणाऱ्यांच्या वर्गाला शोभत नाही. मी हे सगळे त्यांना लेखी कळवले आहे. समुद्रमार्गाचे नमुने पुढच्या तुकडीपासून घालू, असे उत्तर आले आहे. फोनच्या सरावाविषयी काही लिहिलेले नाही.

सहा हजार पाचशे रुपये जास्त नाहीत. आमच्या २०२२ च्या त्या एका खेपेचे पडून राहिल्याचे भाडे याहून पुष्कळ अधिक होते. ज्यांचे काम ऑर्डरच्या कागदांशी आणि ई-मेलशी आहे, त्यांनी हा किंवा असा वर्ग जरूर करावा. ज्यांना दिवसभर फोनवरच बोलावे लागते, त्यांनी आधी फोनचा सराव किती तास आहे हे विचारून मगच पैसे भरावेत. नावनोंदणीच्या वेळी आपल्याच कामातली दोन-तीन जर्मन कागदपत्रे, ग्राहकाचे नाव खोडून, सोबत ठेवली तर शिक्षिका वर्गात ती वाचून देतात. मी चौथ्या आठवड्यात आमचे एक जुने पोचपत्र नेले होते. त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘लीफरत्साइट उनफेरबिंटलिश’ असे छापलेले होते, आणि ते कागद आमच्या फायलीत सात वर्षे होते.